सुटींतला उद्योग

एप्रिल संपत आला कीं आमच्या कॉलेजच्या आवारांत एक निराळीच कुजबूज सुरू होते. परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. पण संगणकाच्या वर्गांतील पांचसात मुलें परीक्षेची गोष्ट सोडून भलत्याच एका निकालाची वाट पाहत असतात. हा निकाल विद्यापीठाचा नव्हे. गूगल ही अमेरिकन कंपनी सन २००५ पासून दरसाल 'समर ऑफ कोड' नांवाचा एक उपक्रम चालवीत आली आहे. ज्याचें मूळ लिखाण सर्वांस खुलें आहे अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर तरुणानें सुटीचे कांहीं आठवडे घरबसल्या काम करावें, त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या जाणकारानें त्यास हातीं धरून शिकवावें, आणि काम पसंतीस उतरल्यास कंपनीनें विद्यावेतन द्यावें, अशी ती योजना. पालकांस यांतलें विद्यावेतन तेवढें कळतें. मुलांसहि पुष्कळदां पुढें नोकरीच्या अर्जांत घालावयाची एक ओळ तेवढी दिसते. मी इतिहासाचा अध्यापक. संगणकाच्या पोटांत काय चालतें हें मला माझ्या विद्यार्थ्यांनींच समजावून दिलें आहे. परंतु या उपक्रमाच्या मागें चाळीसपंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावांचून हें विद्यावेतन नेमकें कशाचें मिळतें याचा उलगडा होत नाहीं.

प्रथम 'मूळ लिखाण' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. संगणकास दिलेल्या आज्ञा माणूस आधीं माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. मग त्या लिखाणाचें यंत्रास कळणाऱ्या आंकड्यांत रूपांतर होतें. विकणारा गिऱ्हाइकास बहुधा हें रूपांतर तेवढें देतो आणि मूळ लिखाण कुलपांत ठेवतो. जुने वैद्य काढा देत, पण त्यांतलीं औषधें सांगत नसत, तशांतलाच हा प्रकार. आरंभीं मात्र अशी चाल नव्हती. निदान विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत मूळ लिखाण एकमेकांस दाखविणें, त्यांत दुरुस्ती करणें, हें पोथी उतरून घेण्याइतकें साधें समजलें जाई. सन १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन या तरुणास याच्या उलट अनुभव आला. छपाईच्या नव्या यंत्रांत कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या वेळीं त्यानें मूळ लिखाणांत भर घालून, कागद अडकतांच सर्वांस सूचना जावी अशी सोय केली होती. नव्या यंत्राचें लिखाण ज्या दुसऱ्या विद्यापीठांतील गृहस्थाजवळ होतें, त्यानें 'तें कोणास दाखविणार नाहीं असें मीं वचन दिलें आहे' म्हणून नकार दिला. स्टॉलमनच्या मनांत हा नकार कायमचा रुतून बसला. सन १९८३ च्या सप्टेंबरांत त्यानें संपूर्ण मोकळी अशी कार्यप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि पुढच्या वर्षीं नोकरी सोडली. त्याच्याच प्रेरणेनें असा एक परवाना तयार झाला कीं, लिखाण कोणीहि घ्यावें, बदलावें, विकावेंहि. परंतु पुढें देतांना तें तितक्याच मोकळेपणानें द्यावें. कायद्याचें हत्यार कायद्याच्याच नेहमींच्या हेतूवर उलटविण्याची ही युक्ति मला फार चतुर वाटते.

पण आपणांस पाहावयाची आहे ती विद्यार्थ्याची सुटी. ती प्रथम भेटते फिनलंडांत, हेल्सिंकी शहरीं, सन १९९१ च्या उन्हाळ्यांत.

लिनस टॉर्व्हाल्ड्स त्या वेळीं एकवीस वर्षांचा होता. आजोबा विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याच संगणकावर नातवाचा हात लहानपणीं बसला होता. सन १९९१ च्या जानेवारींत त्यानें हप्त्यांच्या बोलीवर एक नवा संगणक घेतला. आदल्या उन्हाळ्यांत त्यानें ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकाचें कार्यप्रणालींवरील जाडजूड पाठ्यपुस्तक वाचून काढलें होतें. विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं टॅनेनबॉमनें मिनिक्स नांवाची एक छोटी प्रणाली स्वतः रचिली होती; ती आणून या मुलानें आपल्या यंत्रावर चढविली. घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशीं बोलतां यावें म्हणून त्यानें एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. मग फाइली उतरवून घ्याव्याशा वाटल्या, म्हणून चकतीवर लिहिण्याची सोय केली. असें करतां करतां आपण एक नवी कार्यप्रणालीच लिहीत आहोंत हें त्याच्या ध्यानांत आलें. फिनलंडांतला उन्हाळा म्हणजे वर्षांतून एकदां येणारा सोहळा. रात्रीं दहा वाजतां ऊन असतें; लोक बेटांवर, तळ्यांकांठीं जाऊन राहतात. हा मुलगा मात्र खिडकीला काळे पडदे लावून आंत बसला होता. एकदां तर त्यानें चुकून टेलिफोनला द्यावयाच्या आज्ञा चकतीस दिल्या आणि मिनिक्सचा भाग पुसून टाकला. पुन्हां मिनिक्स चढविण्याऐवजीं आपलीच प्रणाली पुरी करावी असें त्यानें तेव्हां ठरविलें. इतिहासांत अपघाताला किती जागा द्यावी हा आम्हां लोकांचा जुना वाद आहे. येथें ती थोडीशी द्यावीच लागेल.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें मिनिक्स वापरणाऱ्यांच्या मंडळींत एक पत्र प्रसिद्ध केलें. आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोंत, ती कांहीं मोठी होणार नाहीं, तुम्हांला तींत काय असावेंसें वाटतें तें कळवा, अशा आशयाचें तें साधें पत्र होतें. सप्टेंबरांत दहा हजार ओळींचा पहिला खर्डा बाहेर पडला. त्यानें स्वतः 'फ्रीक्स' हें नांव योजिलें होतें. ज्या स्नेह्यानें तो खर्डा सर्वांसाठीं ठेवून दिला त्यास तें आवडलें नाहीं, आणि त्यानें आपल्याच अधिकारांत 'लिनक्स' असें लिहून टाकलें. मग दूरदूरचीं पत्रें येऊं लागलीं. जर्मनींतील एकाच्या यंत्रांत स्मृति अपुरी होती. त्याची अडचण भागावी म्हणून नाताळच्या सुटींत टॉर्व्हाल्ड्सनें एक अवघड सोय लिहून काढली. पैशाऐवजीं आपल्या गांवचें चित्र असलेलें पोस्टकार्ड पाठवा, असें तो लोकांस सांगे. पुढें लोकांनींच वर्गणी काढून त्याच्या संगणकाचे उरलेले हप्ते फेडले! सन १९९२ मध्यें त्यानें आपलें लिखाण वर सांगितलेल्या परवान्याखालीं आणलें. सन १९९४ च्या मार्चांत पहिली पूर्ण आवृत्ति निघाली तेव्हां दहा हजार ओळींच्या पावणेदोन लाखांवर झाल्या होत्या, आणि त्या एका हातच्या नव्हत्या. आज आपल्या खिशांतल्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशीं तेंच लिखाण आहे. आणि जगांतील सर्वांत बलाढ्य अशा पांचशें संगणकांच्या यादींतील एकूणएक यंत्रें सन २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्याच्यावरच चालत आलीं आहेत.

या कथेंतील एक प्रसंग मला, प्राध्यापकाच्या जातीचा असल्यामुळें, विशेष मननीय वाटतो. सन १९९२ च्या जानेवारींत खुद्द टॅनेनबॉमनें जाहीरपणें लिहिलें कीं, लिनक्सची रचना मूळांतच कालबाह्य आहे. तूं माझा विद्यार्थी नाहींस हें तुझें भाग्य, अशा रचनेस मीं फारसे गुण दिले नसते, असेंहि त्यानें पुढें ऐकविलें. ज्याच्या पुस्तकावर हा मुलगा वाढला तोच हा गुरु! मुलानें त्याच दिवशीं तिखट उत्तर दिलें. नंतर उत्तरांतील उद्धटपणाबद्दल क्षमा मागितली, मुद्दा मात्र सोडला नाहीं. सगळा वाद चारचौघांत झाला. दोघांपैकीं कोणाचीहि अब्रू गेली नाहीं, आणि तत्त्वतः बरोबर कोण होतें याचा निकाल तज्ज्ञ अजून देत नाहींत.

यापुढील दहाबारा वर्षांचा वृत्तान्त मी भरभर सांगतों. सन १९९८ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांत भरलेल्या एका छोट्या बैठकींत अशा लिखाणास 'ओपन सोर्स' हें नांव मिळालें. 'मुक्त' म्हटलें कीं व्यापारी बिचकतात, म्हणून हा नवा बारसा. स्टॉलमनला तो रुचला नाहीं, आणि त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. त्याच वर्षीं स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनीं, लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनीं, गूगल कंपनी स्थापिली, आणि तिचा सारा कारभार लिनक्सवर चालूं लागला. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या सुटींतून निघालेल्या वस्तूवर दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांनीं पेढी उभारली.

ऋण फेडावें असें त्यांस वाटलें असेल; आपल्याला पुढें लागणारीं माणसें हेरून ठेवावीं असेंहि वाटलें असेल. दोन्ही हेतु एकत्र नांदूं शकतात. सुटींत संगणकशास्त्राचीं मुलें उपहारगृहांत पाव भाजतात आणि शिकलेलें विसरतात, तें टळावें, असा उपक्रमाचा उघड सांगितलेला उद्देश होता. सन २००५ च्या जूनमध्यें घाईघाईनें घोषणा झाली. दोनशें विद्यार्थी घ्यावयाचे ठरलें होतें. अर्ज आठ हजारांवर आले, तेव्हां संख्या चारशेंच्या वर न्यावी लागली. प्रत्येक विद्यार्थ्यास साडेचार हजार डॉलर आणि त्यास शिकविणाऱ्या संस्थेस पांचशें, असा हिशेब होता. सुमारें चाळीस संस्था शिकविण्यास पुढें आल्या. तयारीला वेळच दिला नाहीं अशी त्यांची तक्रार होती. तरी काम झालें. ब्लेंडर या चित्रपट-रेखाटनाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरांत पाणी ओतल्याचें, लाटा फुटल्याचें दृश्य काढण्याची सोय आली ती याच पहिल्या उन्हाळ्यांत. तेव्हांपासून वीस हजारांहून अधिक तरुण या वाटेनें गेले. पहिल्या दहा वर्षांत सर्वाधिक विद्यार्थी दिले ते कोणा अमेरिकन विद्यापीठानें नव्हे, तर श्रीलंकेंतील मोराटुवा विद्यापीठानें. आणि पुढें देशवार संख्येंत भारताचा क्रमांक वर्षानुवर्षें पहिला लागत आला आहे.

पण हा 'उन्हाळा' आमचा नव्हे. काम मेअखेर सुरू होतें आणि ऑगस्टाच्या शेवटाकडे संपतें. अमेरिकेंत ती सुटी असते. आमच्याकडे जून उजाडला कीं पाऊस, आणि त्यामागोमाग नवें सत्र. आमचा मुलगा हें काम करतो तें वर्गांत हजेरी देऊन, रात्रीं, वीज असेल तेव्हां.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कॉलेजांतील एका मुलीची निवड झाली. तालुक्याच्या गांवची मुलगी. वडिलांचें किराण्याचें दुकान. तिनें निवडलेलें काम ऐकून मला प्रथम हंसूं आलें होतें. कागदपत्रें वाचण्याच्या एका मोकळ्या सॉफ्टवेअरांत मराठी शब्दाचा शोध नीट लागत नसे. तो लागावा, एवढेंच. तिनें मला वहीच्या पानावर लिहून दाखविलें. संगणकांत प्रत्येक अक्षरास क्रमांक असतो. मराठींतील 'ऱ्य' मधला आडवा रकार दोन रीतींनीं लिहितां येतो. एक, खालीं टिंब दिलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावयाचा. दुसरी, साध्या र चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह घालावयाचें. छापलेल्या पानावर दोन्ही अगदीं सारखे दिसतात; पण यंत्रास तीं दोन भिन्न अक्षरें वाटतात. त्यामुळें एका रीतीनें लिहिलेला 'दऱ्या' हा शब्द दुसऱ्या रीतीनें शोधूं गेल्यास सांपडतच नाहीं. 'सर, शब्द पानावर समोर दिसतो आणि यंत्र नाहीं म्हणतें,' असें ती म्हणाली.

तिचे मार्गदर्शक जर्मनींतले एक अनुभवी गृहस्थ होते. मराठीचें एक अक्षरहि त्यांस येत नव्हतें. त्यांनीं पहिल्याच आठवड्यांत सोपा तोडगा सुचविला: तें अदृश्य चिन्ह शोधाच्या वेळीं गाळून टाका, दुसऱ्या कित्येक लिप्यांच्या बाबतींत आम्ही तसेंच करतों. मुलगी हें पत्र घेऊन माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला होता. तोडगा चुकीचा आहे हें तिला दिसत होतें, पण एवढ्या मोठ्या माणसास, आणि तेंहि सर्व जगाच्या समोर, तुमचें चुकलें असें कसें सांगावें? दोन दिवस तिनें उत्तरच लिहिलें नव्हतें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें करून मोकळें व्हावें, विद्यावेतन तर मिळेल, असें घरच्यांनीं सुचविलें होतें.

मला कबूल केलें पाहिजे कीं माझ्याहि तोंडून प्रथम तसाच सल्ला निघणार होता. तीस वर्षें मी शिकवीत आलों आहें. मीं सांगावें, मुलांनीं उतरून घ्यावें. एखाद्या मुलानें उभें राहून 'सर, हें बरोबर नाहीं' म्हटल्याचे प्रसंग मला एका हाताच्या बोटांवर मोजतां येतील, आणि त्या प्रसंगीं मला आनंद झाला होता असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. तिला मीं टॅनेनबॉमची गोष्ट सांगितली. ती तिला आधींच ठाऊक होती! 'पण सर, तो टॉर्व्हाल्ड्स होता,' एवढेंच ती म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मग मीं तिला व्याकरणाच्या वर्गांतलें जुनें उदाहरण आठवून दिलें, आणि तिचा चेहरा खुलला.

त्या रात्रीं तिनें लिहिलेलें पत्र मीं पाहिलें आहे. इंग्रजी सदोष होतें, पण मुद्दा चोख होता. आमच्या भाषेंत आचार्य म्हणजे गुरु आणि आचारी म्हणजे स्वयंपाकी. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत फरक आहे तो याच रकाराचा. तुम्ही सांगतां तें चिन्ह गाळलें, तर दुसरें वाक्य पहिल्यासारखें होईल, आणि पंगतीचा स्वयंपाक करावयास विद्वान लोक येऊन उभे राहतील. गृहस्थांनीं सकाळीं उत्तर धाडलें: हें मला ठाऊक नव्हतें, तुमचें बरोबर आहे, आतां असे जितके शब्द आठवतील तितके परीक्षेसाठीं लिहून काढा.

याचा अर्थ पुढचा रस्ता सुरळीत झाला असा नव्हे. जुलैंत तिनें पाठविलेल्या पहिल्या मोठ्या खर्ड्यावर तीसपस्तीस शेरे आले. नांवें नीट नाहींत, एकच गोष्ट दोन ठिकाणीं लिहिली आहे, येथें रिकामा शब्द दिला तर यंत्र बंद पडतें, हें सारें काय करतें तें कोठेंच सांगितलेलें नाहीं. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेंत तिला पहिला वर्ग होता. उत्तरपत्रिकेवर आंकड्याखेरीज कोणीं कांहीं लिहिलेलें तिनें आजवर पाहिलेंच नव्हतें. ती आठवडाभर रडकुंडीस आलेली असे. मीं ते शेरे तिच्याकडून वाचून घेतले. त्यांत एकहि शब्द तिच्याविषयीं नव्हता. सर्व लिखाणाविषयीं होते. आणि एक परका माणूस तिची प्रत्येक ओळ वाचीत होता. एवढें बारकाईनें मीं कोणा विद्यार्थ्याचा निबंध कधीं वाचला, तें मला आठवून पाहावें लागलें.

ऑगस्टांत काम पसंत झालें. मूळ सॉफ्टवेअरांत तें सामील व्हावयास मात्र पुढचा जानेवारी उजाडला. विद्यावेतनांतून तिनें वडिलांच्या दुकानाला नवी फळी घातली आणि स्वतःस एक संगणक घेतला.

पैशाचा प्रश्न राहिलाच. सन २०१७ पासून कंपनीनें प्रत्येक देशांतील महागाईच्या मानानें विद्यावेतन निरनिराळें केलें. रुपयाची खरेदीची शक्ति पाहतां त्यांत तर्कदुष्ट असें कांहीं नाहीं. परंतु तीच ओळ, त्याच सॉफ्टवेअरांत, पुण्यांतून लिहिली तर कमी मोलाची आणि बोस्टनहून लिहिली तर अधिक मोलाची, हें मुलांच्या मनास लागलें, आणि तें लागणें मला स्वाभाविक वाटतें. पोस्टकार्डांवर काम करणाऱ्यास असला प्रश्न पडत नाहीं. सन २०२१ मध्यें, महामारीच्या वर्षीं, कामाचे तास निम्मे होऊन १७५ वर आले. सन २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटहि गेली, अठरा वर्षांवरचा कोणीहि नवखा अर्ज करूं शकतो. दुसरी एक तक्रार संस्थांची आहे, आणि ती अधिक खरी आहे: पैसे मिळाल्यावर पुष्कळ मुलें परत येत नाहींत, आणि त्यांनीं लिहिलेलें सांभाळण्याचें काम जुन्यांच्या गळ्यांत पडतें. सुटी विकत घेतां येते. सुटी संपल्यावरची रात्र कशी घेणार? आमच्याहि कॉलेजांतून निवड झालेल्यांपैकीं बहुतेकांनीं नोकरी लागतांच तें दार लोटून घेतलें. मी त्यांस दोष देत नाहीं. घरें त्यांच्यावर अवलंबून असतात.

ती मुलगी गेल्या दिवाळींत फराळाला आली होती. आतां ती पुण्यास नोकरी करते. बोलतां बोलतां तिनें सांगितलें कीं यंदाच्या उन्हाळ्यांत त्या सॉफ्टवेअरसाठीं निवडलेल्यांत नेपाळचा एक मुलगा होता, आणि जर्मन गृहस्थांनीं त्याचें लिखाण तपासण्याचें काम हिच्याकडे सोंपविलें. त्याचें पहिलेंच पत्र हिची चूक दाखविणारें. नेपाळी भाषेंतहि हा आडवा रकार आहे. 'केलें' या अर्थीं ते लोक 'गऱ्यो' म्हणतात, आणि तो रकार तसाच लिहितात. हिनें मात्र आपला नियम मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच लागू होईल असा बांधला होता. त्यामुळें सर्व नेपाळी पुस्तकांत शोध अडखळत होता, आणि इतकीं वर्षें तें कोणाच्या ध्यानांतहि आलें नव्हतें. 'रकार कांहीं एकट्या मराठीचा नाहीं, असें लिहिलंय त्यानं, सर,' ती हंसत म्हणाली. मीं विचारलें, मग तूं काय उत्तर दिलेंस? अजून दिलें नाहीं, म्हणाली. त्यानें पाठविलेल्या शब्दांच्या यादींतले निम्मेच तपासून झाले आहेत. करंजी तशीच बशींत ठेवून तिनें पिशवींतून संगणक काढला आणि ती यादी मला दाखवूं लागली.